संख्यांचा क्रम आणि जावास्क्रिप्ट

इतिहासात कालक्रम चुकला की कार्यकारणभावच कोसळतो. म्हणून संकेतस्थळे घडविणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचा एक स्वभाव इतिहासाच्याच उदाहरणाने पाहू.

भगवान बुद्धांचा जन्म इ.स.पू. ५६३, महापरिनिर्वाण इ.स.पू. ४८३, सम्राट अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८च्या सुमारास, शकारंभ इ.स. ७८ आणि नागपूरची धम्मदीक्षा १९५६, हे रूढ सन घेऊ. इसवी सनापूर्वीच्या वर्षांना उणे चिन्ह देऊन ही वर्षे एका 'ॲरे'त, म्हणजे संख्यांच्या मालिकेत, भरली आणि 'सॉर्ट' ही आज्ञा दिली, तर उत्तर येते : -२६८, -४८३, -५६३, १९५६, ७८. अशोक बुद्धांच्याही आधी सिंहासनावर बसला आणि धम्मदीक्षा शकारंभापूर्वी झाली!

वेगळी सूचना नसेल तर ही भाषा प्रत्येक संख्येचे मजकुरात रूपांतर करते आणि शब्दकोशातील शब्दांप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहते. १९५६ मधील १ हा ७८ मधील ७ च्या आधीचा. तेवढ्यावर निवाडा होतो. संख्येचे मोल विचारात घेतलेच जात नाही. (आडनाव ऐकूनच माणसाची पायरी ठरविणारी रीत आपल्याला अपरिचित नाही.)

खरा धोका असा की हा दोष लपून राहतो. सर्वांचे गुण दोन अंकी असतील तर यादी बिनचूक लागते. मात्र एखाद्या मुलीने १०० गुण मिळविले की उतरत्या क्रमाच्या यादीत ती ३५ गुणांच्याही खाली जाते, आणि ९ गुणांचा विद्यार्थी ८९ च्या वर चढतो. शिष्यवृत्तीची किंवा वसतिगृह प्रवेशाची यादी अशी लागली, तर त्या मुलीचे वर्ष हातचे जाईल.

उपाय एका ओळीचा आहे. सॉर्टला तुलनेचे एक फंक्शन द्यावे : पहिल्या संख्येतून दुसरी वजा करावी. उत्तर ऋण आले तर पहिली आधी, धन आले तर दुसरी आधी, शून्य आले तर दोन्ही समान. -५६३ मधून -४८३ वजा केल्यास उत्तर -८०; म्हणून जन्म आधी, महापरिनिर्वाण नंतर. उतरत्या क्रमासाठी वजाबाकी उलट करावी.

सॉर्ट मूळ ॲरेचाच क्रम बदलून टाकते, हेही ध्यानात असावे. अस्सल कागद जपून नकलेवर काम करणे ही इतिहासकाराची शिस्त. तिला साजेशी 'टूसॉर्टेड' ही आज्ञा २०२३ च्या आवृत्तीत आली. जुन्या ब्राउझरमध्ये ती नसेल, तेव्हा आधी ॲरेची नक्कल करून मग सॉर्ट वापरावी.