अप्रसिद्ध मासे : नावे, उच्चार आणि निसर्गलेखन

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
१. निसर्गलेखनातील नामज्ञानाचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
२. बोलीतील नाव आणि त्याची लिखित नोंद यांतील अंतर ओळखता येईल.
३. आपल्या परिसरातील माशांच्या नावांची शास्त्रशुद्ध नोंद करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, शिराळा म्हटले की नागपंचमी आठवते. नागाने या गावाला दूरवर कीर्ती मिळवून दिली. मात्र गावाजवळून वाहणाऱ्या मोरणेत आणि पुढे वारणेत राहणाऱ्या बोटभर लांबीच्या माशांची आठवण कोणी काढत नाही. साहित्यातही असाच भेद आढळतो. जिम कॉर्बेट यांच्या १९४४ मधील प्रसिद्ध शिकारकथासंग्रहात ‘स्वप्नातला मासा’ म्हणून महसीर अवतरतो. बलाढ्य आणि झुंजार असल्यामुळे त्याला गौरव सहज लाभतो. लहान माशावर लिहायचे तर लेखकाजवळ वेगळे भांडवल हवे. ते कोणते, याचा विचार आपण या पाठात करू.

विषयविवेचन
(अ) लहान माशाची आवड
मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्यात महसीरला मानाचे स्थान आहे. मात्र तेवढ्यावर न थांबता १८८७ मध्ये त्यांनी तळ्यांतील मासेमारीवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. मोठ्या माशाचा लौकिक ठाऊक असूनही साध्या पाण्यातल्या साध्या माशांकडे वळणारी ही रसिकता लक्षात घ्या.

गळाच्या मासेमारीचा एक प्रकार कृत्रिम माशीचा आहे. आकड्याला पिसे आणि दोरा बांधून पाण्यावर उतरणाऱ्या कीटकाची नक्कल केली जाते. त्यासाठी कोणत्या वेळी कोणता कीटक प्रवाहावर येतो आणि कोणता मासा त्यावर झेपावतो, हे जाणावे लागते. मासा लहान असला, तरी हे निरीक्षण लहान राहत नाही.

येथे एक भाषिक गंमत पाहा. ‘मासा’ आणि ‘माशी’ ही ‘घोडा-घोडी’सारखी जोडी वाटते. प्रत्यक्षात ‘मासा’ संस्कृत ‘मत्स्य’पासून आणि ‘माशी’ ‘मक्षिका’पासून आली आहे. प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत सामान्यतः ‘स’ होतो, तर ‘इ’कारापूर्वी ‘श’ होतो. रूपसाम्यावरून नाते ठरवू नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा येथे मिळतो.

(आ) शास्त्रीय नावांतील मराठी
मुंबई इलाख्याच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले. या वर्णनातील नव्या जातींच्या नावांपुढे प्राणिशास्त्रज्ञ १८३९ हे वर्ष लिहितात. अनेक माशांना त्यांनी येथलीच नावे दिली. ओढ्यातील दगडांना चिकटून राहणाऱ्या माशाचे नाव आज ‘गारा मुल्या’ असे वाचले जाते, तर काटेरी परांच्या एका माशाचे ‘मिस्टस सींगटी’. पुढे १९५२ मध्ये कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका माशाला ‘खवलचोर’ हे नाव दिले. हा मासा इतर माशांची खवले खातो. एका सामासिक शब्दात त्याचा सारा स्वभाव आला आहे.

या नोंदींना मर्यादाही आहे. साधी रोमन लिपी ‘ल’ आणि ‘ळ’ किंवा ‘ट’ आणि ‘त’ हे भेद दाखवत नाही. मग मूळ शब्द ‘मुल्या’, ‘मुळ्या’ की ‘मळ्या’? ‘शिंगटी’ की ‘शिंगती’? कागदावर याचा निर्णय होणार नाही. जाळे विणणाऱ्या भोयाच्या, ओढ्यात मासे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी जो उच्चार आहे, तोच येथे प्रमाण ठरेल. कोशात तर अशा शब्दांपुढे पुष्कळदा ‘एक प्रकारचा मासा’ एवढाच अर्थ दिलेला आढळतो.

(इ) शब्दांतील मत्स्यन्याय
मोठ्या माशाने लहानाला गिळावे, याला संस्कृतात ‘मत्स्यन्याय’ म्हणतात. शब्दांच्या बाबतीतही हा न्याय चालतो. मूळच्या गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे बीज महाराष्ट्रातील जलाशयांत सोडले जाते. बाजारात हीच नावे ऐकू येतात. ज्याला बाजार नाही, त्याचे नाव घेण्याचा प्रसंगही उरत नाही, आणि प्रसंग संपला की शब्द संपतो. मासा ओढ्यात असतानाही त्याचे नाव नाहीसे होऊ शकते. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून जंगलात वावरताना तेथील माणसांकडून शब्द गोळा केले. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य या शब्दांतही आहे. लहान माशावर लिहिणाऱ्याचे भांडवल हेच : निरीक्षण आणि नेमके नाव.

सारांश
प्रसिद्ध प्राण्याला त्याचे वलय सांभाळते, तर अप्रसिद्धाला त्याचे नाव सांभाळते. ते नाव उच्चारासह टिपणे हे साहित्याच्या आणि भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचे समान कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. ‘मासा’ आणि ‘माशी’ यांची व्युत्पत्ती स्पष्ट करा.
२. रोमन लिपीतील नोंदींमुळे मराठी उच्चारांविषयी कोणते प्रश्न निर्माण होतात?
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखाद्या वयोवृद्ध मासे धरणाऱ्या व्यक्तीला भेटा. किमान पाच लहान माशांची नावे, उच्चार, लिंग, अनेकवचन आणि नावामागचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव आपणहून सुचवू नका. मासा दाखवा आणि ऐका.