सर्व्हर बंद पडू नये म्हणून किती मोजाल?

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या रीरोलिंग मिलचा सर्व्हर बंद पडला, तर भट्टी चालूच राहते. अडकतो तो गेटवरचा ट्रक, कारण बिल निघत नाही. 5 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर हाताने बिल करता येते म्हणा, पण दहा गाड्या रांगेत असताना ते करून पाहा! म्हणून कोटेशन मागवण्याआधी एकच हिशेब करा: गाड्या तासभर अडकल्या तर आपले किती जातात? उत्तर हजार-दोन हजार असेल, तर पुढचा बराचसा खर्च तुमच्यासाठी नाही.

हे बिल काढणाऱ्या ईआरपी सॉफ्टवेअरचे साधारण तीन थर असतात: स्क्रीन दाखवणारा, हिशेब करणारा आणि डेटाबेस. एक बंद पडले तरी दुसरे चालावे म्हणून प्रत्येक थर दुहेरी केला की सहा व्हर्च्युअल मशीन झाली. समजा, क्लाउडवर एकाचे भाडे ताशी 10 रुपये. महिन्याचे 730 तास धरले तर 7,300, सहांचे 43,800, 18 टक्के जीएसटीसह 51,684 रुपये. डिस्क, बॅकअप, लोड बॅलन्सर आणि विंडोजचा परवाना यांचे दर वेगळे विचारा. मशीन बंद ठेवले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते, हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही.

हमीचे आकडेही नीट वाचा. मायक्रोसॉफ्टचे अझ्युअर क्लाउड प्रीमियम डिस्कवरच्या एकट्या मशीनला 99.9 टक्के हमी देते, म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद चालते. तीन थर असे एकेकट्या मशीनवर ठेवले, तर बंद राहण्याची ही मुभा गुणाकाराने वाढून 26 तासांवर जाते. मशीनची जोडी वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, ठेवली, तर हमी 99.99 टक्के, म्हणजे वर्षाला साधारण 53 मिनिटे. हमी मोडली तर पुढच्या बिलात सूट मिळते. अडकलेल्या ट्रकचे भाडे कोणी देत नाही.

स्वतःच्या खोलीत दोन सर्व्हर ठेवणार असाल, तर प्रत्येकावर निम्माच भार टाका आणि दोघांतला संपर्क तुटला तर काम कोणी चालवायचे हे ठरवणाऱ्या तिसऱ्या मतासाठी एक लहान मशीन धरा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा एक परवाना दोनच व्हर्च्युअल मशीनना पुरतो. सगळी मशीन कुठल्याही सर्व्हरवर हलवायची असतील, तर दोन्ही सर्व्हरवर सर्वांचे परवाने लागतात. बजेट इथेच फसते. विजेचाही हिशेब करा: 400 वॉटचे दोन सर्व्हर महिन्याला 584 युनिट घेतात. युनिटला 10 रुपये धरले तर 5,840. एसी वेगळा, आणि जालन्याच्या मे महिन्यात तो बंद ठेवायची सोय नाही.

माझे मत विचाराल, तर क्लाउडवर जाणाऱ्याने पहिला पैसा दुसऱ्या इंटरनेट लाइनवर घालावा. ती वेगळ्या कंपनीची, वेगळ्या मार्गाने आलेली हवी. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर दुसरीचे पैसे वाया. मग डेटाबेसची जोडी, मग हिशेबाचा थर. स्क्रीनचा थर शेवटी, कारण तो नव्याने उभा करायला फार वेळ लागत नाही.

जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद जोडीतल्या दुसऱ्या डेटाबेसमधूनही पुसली जाते. कंपनी कायद्याच्या 2022 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो.

खरेदी-आदेशात एक अट लिहून घ्या: कामाच्या दिवशी तुमच्यासमोर एक मशीन बंद करायचे आणि तरीही गाडीचे बिल निघाले, तरच शेवटचा हप्ता मिळेल.