पाठ : ड्रोन उडवण्याआधी सिग्नल तपासूया (इयत्ता ८ वी ते १०वी)



मोबाइलवर बाण दाबला की ड्रोन वळतो, असं मुलांना वाटतं. पण बटण दाबलं म्हणजे आज्ञा पोहोचलीच, असं नाही. हे मला वर्गातच कळलं. ड्रोन हवेत होता, मुलगा बाण दाबत होता आणि ड्रोन हलत नव्हता. एक मुलगी तो पकडायला धावली! सुदैवाने तो आपोआप खाली उतरला. कारण साधं होतं. ड्रोनच्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप दुसऱ्या नेटवर्कवर गेला होता.

थोडं समजून घेऊ

आम्ही 'टेलो' वापरतो. वजन साधारण ८० ग्रॅम. ब्लॉक जोडून आज्ञा देणारं अ‍ॅप त्याला वायफायवरून 'टेकऑफ', 'लँड' असे छोटे शब्द पाठवतं. ही पद्धत 'यूडीपी'. म्हणजे साध्या पोस्टकार्डासारखी, पोचपावती नाही. म्हणून ड्रोन स्वतः 'ओके' असं उत्तर पाठवतो. आज्ञा हरवली तर पुन्हा का पाठवत नाहीत? कारण 'डावीकडे वळ' ही आज्ञा उशिरा पोहोचली तर ती हरवण्यापेक्षा जास्त धोक्याची!

कृती (पहिल्या तीन चाचण्यांत पंखे काढून ठेवा)

१. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. ड्रोनला जोडा. 'कमांड' पाठवा. 'ओके' आलं का?

२. 'बॅटरी?' विचारा. आकडा आला म्हणजे जाणं-येणं दोन्ही मार्ग सुरू आहेत.

३. ५, १०, २० मीटरवरून प्रत्येकी दहा वेळा 'बॅटरी?' विचारा आणि किती उत्तरं आली ते तक्त्यात लिहा. मग मध्ये चार मुलं उभी करा, नंतर भिंत येऊ द्या. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंमी असते. शरीरातलं पाणी त्या शोषतं.

४. शेवटी पंखे आणि त्यांचे गार्ड लावा. मोकळ्या हॉलमध्ये ड्रोन कमी उंचीवर स्थिर ठेवा, मुलांना लांब बसवा आणि फोनचं वायफाय बंद करा. सगळ्यांनी मोठ्याने सेकंद मोजायचे. १५ सेकंद आज्ञा आली नाही की टेलो आपणहून उतरतो.

चर्चेसाठी प्रश्न

उत्तर आलं नाही, तर आज्ञा हरवली की उत्तर हरवलं? आपल्याला ते कसं ओळखता येईल?

चौथी चाचणी कृपया वगळू नका. ड्रोन ऐकत नसेल तेव्हा काय करेल, हे मुलांनी आधीच पाहिलेलं असलं, की कोणी पंख्यांकडे हात नेत नाही. आमच्या वर्गात आता नियमच आहे : आधी 'ओके', मग उड्डाण.