इंजिन उघडलं, जुनं काय ठेवायचं?

ढाणकीच्या काळ्या वावरात रोटाव्हेटर ओढताना ट्रॅक्टर तापला आणि तरी तास पुरं करायचं म्हणून तसाच दामटला, की पुढचा मुक्काम मिस्त्रीकडे. इंजिन उघडलं की तो विचारतो, “फुल किट टाकू का?” हो म्हणण्याआधी मापं मागा.

मोठा पैसा क्रँकचा. त्यावर ओरखडे असतील तर मायक्रोमीटरनं माप घेऊन ग्राइंडिंग होतं, ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी तो बारीक होत जातो आणि त्या-त्या साइजचे बेरिंग बसतात. हिशेबापुरतं धरा, नवा क्रँक १४ हजारांचा आणि ग्राइंडिंग, बेरिंग, नांदेडची ने-आण मिळून ५ हजार. मग जुनाच ठेवा. पण तो आधीच शेवटच्या साइजला गेला असेल किंवा तडा असेल, तर हे ५ हजार पाण्यात. म्हणून ग्राइंडिंगच्या आधी तडा तपासून घ्या. नुसत्या डोळ्याला तो दिसेलच असं नाही.

लायनरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवा. पायरी अडकली, तर लायनर झिजलाय. झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालून भागवणं म्हणजे धूर थोडे दिवस पुढं ढकलणं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालायला लावा. थोडा बाक फेसिंगनं निघतो; दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा असेल तर “वेल्डिंग मारून देतो” याला मी तरी भुलणार नाही.

गॅस्केट, ऑइल सील, बेरिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांत काटकसर नको. बोल्ट तुटला तर रॉड थेट ब्लॉक फोडतो, आणि सील गळलं तरी उघडण्याची मजुरी पुन्हा द्यावीच लागते.

२२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरच्या क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर अशा ठरावीक भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. १० हजारांच्या मालावर १,३०० रुपये वाचतात. सगळ्याच भागांना हा दर नाही, म्हणून बिलात प्रत्येक भागाचा दर वेगळा बघा. काढलेले भाग परत मागा. पक्कं बिल नाकारलं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि क्रँक कोणत्या साइजचा झाला ते बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी बेरिंग घेताना तेच विचारतात.