जोड-कार्बोरेटरचा स्लो: काय करावे, काय टाळावे

समोर गाडी आहे १९६२ साली बाजारात आलेली ब्रिटिश एमजीबी. इंजिन १७९८ सीसी, त्यावर एसयूचे दोन एचएस४ कार्बोरेटर. आपल्या जुन्या ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, पण तिथे कार्बोरेटर एकच. दोन आले की मिक्श्चरच्या आधी आणखी एक काम वाढतं, आणि गडबड बहुतेक तिथेच होते.

काय करावे

- मिक्श्चरला हात सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट, मग पॉइंटची फट (०.३५ ते ०.४० मिमी), मग टायमिंग. कार्बोरेटरवर फोडलेली बरीच खापरं खरं तर प्लग आणि वायरींची असतात.

- इंजिन पुरतं तापू द्यावं. चोक पूर्ण आत, आणि जेट नटाला टेकलंय ना, हे बोटाने वर दाबून पाहावं. चोकची तार ओढलेली राहिली तर पुढचं सगळं सेटिंग खोटं.

- आधी हवा, मग पेट्रोल. एअर क्लीनर काढा, थ्रॉटलच्या दांड्यांना जोडणारे क्लॅम्प ढिले करा आणि दोन्हीकडची हवा सारखी करा. मीटर असेल तर उत्तम. नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सुसकारा दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. हवाच कमीजास्त असेल तर मिक्श्चर कितीही फिरवा, इंजिन लंगडतच राहणार.

- सुरुवात अशी: जेट वर, कार्बोरेटरच्या तोंडातल्या पुलाच्या (ब्रिजच्या) पातळीला आणा, मग नट दोन फेरे खाली. तिथून पुढे षटकोनी नटाची एकेक बाजूच फिरवायची. नट वर गेला की पेट्रोल कमी, खाली आला की जास्त.

- खरा निकाल कार्बोरेटरचा पिस्टन उचलणाऱ्या पिनवर. पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच पडलं, तर कमी. किंचित वाढून पुन्हा मूळ जागी आलं, तर नट तसाच राहू द्या. एकाचं जुळलं की दुसरं, मग परत पहिलं. दोघांना जोडणारी नळी असल्याने एकाचा बदल दुसऱ्याला जाणवतो.

- सायलेन्सरपाशी कान द्या. अनियमित, फसफसणारं मिसिंग आणि रंगहीन धूर म्हणजे पेट्रोल कमी. ठेक्यात येणारं मिसिंग आणि काळा धूर म्हणजे जास्त.

- मधूनमधून अर्धा मिनिट रेस देऊन मॅनिफोल्ड साफ करा. एअर क्लीनर बसवल्यावर पिनची परीक्षा पुन्हा घ्या.

काय टाळावे

- जुन्या मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर आंधळा विश्वास. त्या काळच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल गृहीत नव्हतं. आज ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत, आपल्याकडे २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेच सेटिंग आज कमी पेट्रोलचं ठरतं. नट एखाद-दोन बाजू जास्त खाली लागला तर दचकू नका.

- स्लो टिकत नाही म्हणून पेट्रोल वाढवणं. थ्रॉटलची दांडी झिजून बाजूने हवा खेचत असेल, तर हा उपाय रोग झाकतो. आधी बुश बघा.

- दोन कार्बोरेटरांचे पिस्टन आणि वरच्या टोप्या धुताना एकत्र ठेवणं. प्रत्येक जोडी एकमेकांना मापून बनवलेली असते. पिस्टनला पॉलिश पेपर तर अजिबात नको.

- वरच्या दट्ट्यात हाताला येईल ते जाड तेल. २० नंबरचं पुरे. तेल संपलं तर स्लोवर कळत नाही, ॲक्सिलेटर दाबताना गाडी अडखळते. आणि मग लोक बिचाऱ्या मिक्श्चरच्या मागे लागतात.

- बंद गॅरेजमध्ये हे काम. स्लोवर तासभर चालणारं इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. शटर उघडं, जमलं तर गाडीच बाहेर. शिवाय एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, नट अगदी तापल्या लोखंडाशेजारी. हाताला फडकं गुंडाळून घ्या, पण सैल टोक पंख्याकडे नको.