रिंगणातला जॉबर आणि नगरचा गुंतवणूकदार

नगरात शेअर बाजार कधीच नव्हता. होते ते आमच्यासारखे सबब्रोकर. पुण्यात 1982 पासून बाजार होता, तरी सारे कान दलाल स्ट्रीटकडे. एसटीडी लागली की भाव कळायचा. 3 नोव्हेंबर 1994 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचे व्यवहार संगणकावर सुरू झाले, 14 मार्च 1995 रोजी मुंबई बाजाराची ‘बोल्ट’ यंत्रणा आली आणि पुढे गावोगावच्या गच्च्यांवर उपग्रहाशी जोडणाऱ्या व्हीसॅटच्या छत्र्या दिसू लागल्या. या बदलाने जे शिकवले ते सांगतो.

1. भाव सगळ्यांना एकाच वेळी दिसणे, ही सर्वांत मोठी कमाई. संगणकाआधी सौदे बाजाराच्या रिंगणात तोंडी व्हायचे; तिथला जॉबर दोन भाव बोलायचा, घेण्याचा आणि विकण्याचा. मधला फरक त्याचा. तो फरक किती, हे नगरच्या गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. दिवसभरातला सर्वांत चढा भाव नेमका आपल्याच खरेदीच्या बिलावर आला, तर विचारायचे कोणाला? स्क्रीनवर चांगल्या भावाची ऑर्डर पुढे, भाव सारखा असेल तर आधी आलेली पुढे. मग ती फोर्टातल्या पेढीची असो की पाथर्डीच्या शिक्षकाची. काँट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळसुद्धा छापून येऊ लागली. छोट्या गावातल्या माणसाला एवढा न्याय त्याआधी कोणत्याच बाजाराने दिला नव्हता.

2. पण जॉबर नुसता फरक खात नव्हता. गिऱ्हाईक नसताना तो माल स्वतःच्या अंगावर घ्यायचा. मुख्य बाजाराच्या स्क्रीनवर तसे करणे कोणावरच बंधनकारक नाही. बड्या कंपन्यांत हे जाणवत नाही, तिथे घेणारे-विकणारे दाटीवाटीने उभे असतात. लहान कंपनीत जाणवते. एमआयडीसीतल्या एका निवृत्त कामगाराला मुलीच्या लग्नासाठी असे शेअर विकायचे होते. खरेदीच्या बाजूला जेमतेम शे-दोनशे शेअरची मागणी, तीही पायरीपायरीने उतरत्या भावाची. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली असती तर आपल्याच विक्रीने भाव पाडला असता. किमान भावाची लिमिट लावून थोडे थोडे विकले. वेळ गेला, पैसे वाचले. शेवटचा भाव काय झाला यापेक्षा समोर किती माल घेणारे उभे आहेत, ते आधी पाहावे.

3. एसएमई शेअर घेताना मार्केट मेकरची मुदत विचारा. 2012 मध्ये राष्ट्रीय आणि मुंबई या दोन्ही बाजारांनी लघुउद्योगांसाठी (एसएमई) वेगळे मंच काढले, तेव्हा नोंदणीनंतर किमान तीन वर्षे दोन्ही बाजूंचे भाव देणारा मार्केट मेकर नियामक सेबीच्या नियमाने सक्तीचा होता. म्हणजे जॉबरचे काम नियमाने परत आणावे लागले! मुदत संपल्यावर आपला शेअरचा गठ्ठा (लॉट) कोण घेणार?

4. वायद्यात समोर यंत्र आहे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 93 टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. त्याच बाजारात 2023-24 मध्ये स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे 33,000 कोटींचा ढोबळ नफा कमावला आणि त्यातला 96 टक्के अल्गोरिदमवर चालणाऱ्या संस्थांचा. दोन भावांमधला फरक आता ही यंत्रे खातात. दुकान सांभाळत मोबाइलवर ऑप्शन घेणाऱ्या पोरांना हे आकडे मी पुन्हा पुन्हा दाखवतो.

5. स्क्रीन दाखवली म्हणजे सौदा झाला असे नव्हे. 2024 मध्ये आपल्याच शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाखाली, दरमहा भरघोस परताव्याचे आमिष दाखवून, लोकांचे कोट्यवधी रुपये बुडवले गेले. कापसाचे, उसाचे, निवृत्तीचे पैसे होते ते. ज्या यंत्रणेने प्रत्येक सौद्याची नोंद ठेवण्याची सोय केली, तिच्याच नावाने नोंद नसलेला व्यवहार चालावा, याचा फार संताप येतो. आता सौद्यानंतर पुढच्याच कामकाजाच्या दिवशी शेअर तुमच्या डिमॅट खात्यात जमा होतात. आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यावर देऊ नका. डिमॅट नोंदी ठेवणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणारे विवरणपत्र उघडून वाचा, आणि वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.