रद्द प्रमाणपत्रांची सूची : ती कशी करावी व ताजी कशी ठेवावी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘जाहीर नोटीस’ ह्या मथळ्याखाली बारीक टाइपात एक मजकूर पुष्कळदा आढळतो. अमुक गृहस्थांस दिलेले मुखत्यारपत्र अमुक तारखेपासून रद्द केले आहे. ह्यापुढे त्यांच्याशी केलेला व्यवहार आमच्यावर बंधनकारक राहणार नाही. अशी नोटीस द्यावी लागते, कारण मुखत्यारपत्राचा कागद अद्याप त्या गृहस्थांच्याच हाती असतो. त्यावरील सही खरी, शिक्का खरा, मुदतही शिल्लक. तो कागद कितीही निरखून पाहिला तरी तो रद्द झाला आहे हे त्याच्यावरून कळणार नाही. त्यासाठी दुसराच कागद वाचावा लागतो.

संगणकाच्या व्यवहारातील डिजिटल प्रमाणपत्राची स्थिती नेमकी अशीच आहे. अशा प्रमाणपत्रात धारकाचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदतीच्या दोन तारखा, एक अनुक्रमांक आणि शेवटी ते देणाऱ्या प्रमाणन प्राधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी एवढ्या गोष्टी असतात. ह्या जाहीर किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली धारकाने स्वतःजवळ गुप्त ठेवावयाची असते. ती चोरीस गेली की प्रमाणपत्र निरर्थक होते. परंतु त्यातील स्वाक्षरी मात्र पूर्वीइतकीच खरी ठरत राहते. म्हणून प्राधिकाऱ्याने वेळोवेळी एक सूची प्रसिद्ध करावयाची, असा संकेत आहे. प्रमाणपत्रांचे एक्स.५०९ हे मानक प्रथम १९८८ साली प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरील सूचीचे तपशील २००८ सालच्या आरएफसी ५२८० ह्या लेखात सापडतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या सूचीस ‘सीआरएल’ म्हणतात. आपण तिला रद्द-सूची म्हणू.

रद्द-सूचीत नावे नसतात, केवळ अनुक्रमांक असतात. प्रत्येक अनुक्रमांकापुढे तो रद्द केल्याची वेळ, आणि बहुधा कारणही, नोंदलेले असते. सूचीच्या शिरोभागी दोन वेळा असतात : ही सूची केव्हा निघाली आणि पुढची केव्हापर्यंत निघेल. सर्वांखाली प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी. ह्या दोन वेळांपैकी दुसरी, म्हणजे पुढच्या सूचीची वेळ, हीच ह्या सर्व विषयाचे मर्म आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि नवशिक्यांचे दुर्लक्ष बहुधा तिच्याकडेच होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एखाद्या संशोधन संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना बाहेरगावाहून संस्थेच्या जाळ्यात प्रवेश मिळावा म्हणून स्वतःच प्रमाणपत्रे दिली आहेत असे समजू. शुक्रवारी रात्री रेल्वेप्रवासात एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप चोरीस गेला. खासगी किल्ली त्यातच होती. सोमवारी सकाळी ही वार्ता कार्यालयात पोचली. संस्थेच्या व्यवस्थापकाने काय करावे?

ह्या कामी ओपनएसएसएल हे साधन सर्वत्र उपलब्ध असते. एरिक यंग व टिम हडसन ह्यांच्या एसएसएलइए ह्या जुन्या कार्यक्रमापासून ते १९९८ च्या अखेरीस सिद्ध झाले. त्याला खिडक्या वा चित्रे नाहीत. टर्मिनलवर आज्ञा टंकून काम करून घ्यावयाचे. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचा उच्चार तेवढा देवनागरीत दिला आहे.

ओपनएसएसएलची ‘सीए’ ही उपआज्ञा ‘इंडेक्स.टीएक्सटी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत आपली नोंदवही ठेवते. दर प्रमाणपत्रास एक ओळ, आणि ओळीचे पहिले अक्षर त्याची अवस्था सांगते : ‘व्ही’ म्हणजे चालू, ‘आर’ म्हणजे रद्द, ‘ई’ म्हणजे मुदत संपलेले. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची प्रतही अनुक्रमांकाच्याच नावाने ‘न्यूसर्ट्स’ ह्या कप्प्यात राहते. म्हणून लॅपटॉप गेला तरी काम अडत नाही. चोरीस गेलेल्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक १०१ए असेल तर आज्ञा अशी :

ओपनएसएसएल सीए -कॉन्फिग सीए.सीएनएफ -रिव्होक न्यूसर्ट्स/१०१ए.पेम -सीआरएल_रीझन कीकॉम्प्रोमाइज

शेवटचा शब्द कारण सांगतो : किल्ली परक्याच्या हाती गेली. नोकरी सोडणे, जुन्याच्या जागी नवे प्रमाणपत्र देणे, काम बंद होणे, अशी इतर कारणेही ठरलेली आहेत. कारण लिहिणे ही केवळ औपचारिकता नव्हे. निवृत्त कर्मचाऱ्याने पूर्वी केलेल्या स्वाक्षऱ्यांबद्दल शंका नसते; चोरी झालेल्या किल्लीच्या स्वाक्षऱ्यांबद्दल असते. म्हणूनच चोरीच्या बाबतीत ‘-सीआरएल_रीझन’ ऐवजी ‘-सीआरएल_कॉम्प्रोमाइज’ हा पर्याय वापरून किल्ली हातची गेल्याची वेळही नोंदता येते. आपल्या उदाहरणात नोंद सोमवारची, पण संशय शुक्रवार रात्रीपासूनचा; सूचीत दोन्ही वेळा दिसल्या पाहिजेत. ह्या वेळा ग्रीनिच प्रमाणाच्या असतात. भारतीय वेळेहून त्या साडेपाच तासांनी मागे आहेत हे विसरल्यास पुढे चौकशीच्या वेळी मोठा घोटाळा होतो.

ही आज्ञा देताच नोंदवहीतील ‘व्ही’चा ‘आर’ होतो, आणि ‘डेटाबेस अपडेटेड’ असा संदेश पडद्यावर उमटतो. येथेच अनेकजण काम झाले असे समजून उठतात. वस्तुतः ह्या क्षणापर्यंत बाहेरच्या जगाच्या दृष्टीने काहीही घडलेले नाही. मुखत्यारपत्र रद्द केल्याचे आपण आपल्या वहीत लिहिले. नोटीस अजून छापावयाची आहे. ती छापणारी आज्ञा निराळी :

ओपनएसएसएल सीए -कॉन्फिग सीए.सीएनएफ -जेनसीआरएल -आउट सूची.पेम

नोंदवहीतील सर्व ‘आर’ ओळी गोळा करून, त्यांवर प्राधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करून ही आज्ञा सूची तयार करते. प्रत्येक सूचीस स्वतःचा क्रमांक मिळावा म्हणून ‘सीआरएलनंबर’ ही फाइल ठेवतात. नवी सूची कोणती व जुनी कोणती हे तीवरून ओळखता येते. सूचीची मुदत व्यवस्था-फाइलीतील ‘डिफॉल्ट_सीआरएल_डेज’ ह्या नोंदीवरून ठरते. नमुन्याच्या फाइलीत ती ३० दिवस असते. ‘-सीआरएलडेज’ वा ‘-सीआरएलअवर्स’ लिहून ती त्या त्या वेळी बदलता येते.

तयार झालेली सूची प्रसिद्ध करण्यापूर्वी वाचून पाहावी :

ओपनएसएसएल सीआरएल -इन सूची.पेम -नोआउट -टेक्स्ट

आणि मग चोरीचे प्रमाणपत्र खरोखरच नाकारले जाते का, ह्याची परीक्षा घ्यावी. येथे एक उद्बोधक प्रयोग सुचवितो. प्रथम ‘ओपनएसएसएल व्हेरिफाय -सीएफाइल मूळ.पेम १०१ए.पेम’ एवढेच टंकावे. उत्तर येते ‘ओके’. रद्द केलेले प्रमाणपत्र, आणि तरीही ओके! कारण सूची पाहावयास आपण सांगितलेलेच नाही. आता त्याच आज्ञेत ‘-सीआरएल_चेक -सीआरएलफाइल सूची.पेम’ एवढी भर घालावी. त्रुटी क्रमांक २३, ‘सर्टिफिकेट रिव्होक्ड’, असे उत्तर मिळेल. नोटीस न वाचणाऱ्यास नोटिशीचा उपयोग नाही, ही गोष्ट ह्या दोन आज्ञांइतकी स्वच्छ अन्य कशानेही पटत नाही. सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक खबरदारी हवी. अपाची व इंजिनएक्स ह्यांस सूची तपासण्याची सूचना व्यवस्थेत स्पष्टपणे द्यावी लागते. आणि ते सूचीची फाइल सुरू होताना वाचून स्मरणात ठेवतात. फाइल बदलली म्हणजे त्यांस पुन्हा वाचावयास लावले पाहिजे.

सूची वाचकास सापडली पाहिजे, हे तर उघडच. तरीही २००१ साली एक विलक्षण प्रसंग घडला. त्या वर्षीच्या २९ व ३० जानेवारीस व्हेरिसाइन ह्या प्रमाणन संस्थेने मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या इसमास मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे दिली. चूक ध्यानात आल्यावर ती रद्द करून सूचीत घातली गेली. परंतु सूची कोठे मिळेल तो पत्ता ज्या रकान्यात असावयाचा, तो रकानाच त्या प्रमाणपत्रांत नव्हता. त्यामुळे ब्राउझरांना सूची आपोआप शोधता येईना, आणि अखेर मायक्रोसॉफ्टला स्वतंत्र दुरुस्ती वाटावी लागली. हा पत्ता प्रमाणपत्र देतानाच त्यात लिहावा लागतो. नंतर घालता येत नाही. त्या पत्त्यावर सूची ‘डेर’ ह्या द्विमान रूपात ठेवण्याचा नियम आहे. ‘-आउटफॉर्म डेर’ लिहून ते रूपांतर होते.

आता मुदतीचा प्रश्न. ३० दिवसांची सूची सोयीची खरी, पण जिने जुनी सूची उतरवून घेतली आहे ती यंत्रणा मुदत संपेपर्यंत नवी न मागण्यास मोकळी असते. आपल्या उदाहरणातील चोरास तेवढे दिवस मिळू शकतात. उलटपक्षी मुदत एका दिवसाची ठेवली आणि सूची काढणारा माणूस आजारी पडला, तर दुसरेच संकट ओढवते. मुदत संपलेली सूची कठोर तपासणी करणाऱ्या यंत्रणेस चालत नाही. त्रुटी क्रमांक १२ येतो आणि चोराबरोबर संस्थेतील सर्व प्रामाणिक मंडळींनाही दार बंद होते. कोणाचेही प्रमाणपत्र रद्द झालेले नसले, सूची कोरी असली, तरीही ती ठरल्या वेळी काढलीच पाहिजे, ती ह्यासाठी. व्यवहारात मुदत सात दिवसांची ठेवून सूची रोज काढावी, हा मध्यम मार्ग लहान संस्थेस मानवतो : एकदोन दिवस चुकले तरी काही बिघडत नाही.

रद्द करणे हे चालू परिस्थितीत मागे घेता येत नाही. ‘तात्पुरते स्थगित’ ह्या एकाच कारणास अपवाद आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्येही स्थगिती व रद्द करणे ह्यांची कलमे वेगळी असून, धारकास म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज स्थगिती पंधरा दिवसांपलीकडे नेता येत नाही. नोंदवहीतील ‘आर’ हाताने खोडून ‘व्ही’ करणारेही आढळतात. साधन त्यांस अडवीत नाही. पण जुनी सूची ज्यांच्या हाती आहे त्यांच्या आणि आपल्या म्हणण्यात त्यामुळे विसंगती येते. नवे प्रमाणपत्र देणे बरे.

सूचीची आणखी एक मर्यादा २०१४ च्या जुलैत भारतातच दिसून आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन कार्यालयातून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै रोजी उघडकीस आले. चौकशीत चार प्रमाणपत्रांची नोंद सापडली. परंतु त्या चारांबाहेरचीही प्रमाणपत्रे गूगलच्या पाहण्यात आली होती. ज्याचा अनुक्रमांक आपल्या वहीतच नाही ते सूचीत कसे घालावे? ह्यावर प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यवर्ती प्रमाणपत्रेच रद्द केली. म्हणजे फांदीची पाने न मोजता फांदीच छाटली.

सूची फार मोठी होते म्हणून १९९९ साली एकेका प्रमाणपत्राविषयी थेट विचारण्याची ओसीएसपी ही पद्धत निघाली होती, आणि सूचीचे दिवस संपले असे पुष्कळांस वाटले. पण कोण कोणते स्थळ पाहतो हे अशा प्रत्येक पृच्छेबरोबर प्राधिकाऱ्यास कळते. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट ह्या संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सेवा बंद केली आणि ती केवळ सूचीच प्रसिद्ध करू लागली.

राहता राहिली मूळ प्राधिकाऱ्याची किल्ली. ती जाळ्यापासून तोडलेल्या यंत्रावर, कुलपात ठेवतात. म्हणून तिच्या सूचीची मुदत काही महिन्यांची असते. अशा यंत्राचे घड्याळ बंद राहून चुकलेले असते. ते पुढे असेल तर सूचीवर उद्याची तारीख पडते आणि ‘अद्याप लागू नाही’ अशी त्रुटी क्रमांक ११ येते. यंत्र सुरू करताच प्रथम घड्याळ लावावे, मग सूची काढावी, आणि ‘ओपनएसएसएल सीआरएल -इन सूची.पेम -नोआउट -नेक्स्टअपडेट’ ह्या आज्ञेने मिळालेली तारीख कार्यालयाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत एक आठवडा अगोदरच्या रकान्यात लिहून ठेवावी.